मदत हवी आहे: लेडव्हिल १०० माउंटन बाइक शर्यत, परतीच्या पॉवरलाइन चढासाठी ताकद कशी राखावी?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतली लेडव्हिल ट्रेल १०० ही माउंटन बाइक शर्यत करायची आहे. लॉटरीत नाव लागलं आहे. इथे बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करणारे, सह्याद्रीत माउंटन बाइक चालवणारे आणि अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारते.

पुण्यात असताना २०० ते ६०० किमीच्या बीआरएम केल्या आहेत. आता डेन्व्हरला राहते आणि सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या वाटांवर सायकल चालवते. दिवसभर सीटवर बसायची सवय आहे, दगडगोट्यांचे उतारही बऱ्यापैकी जमतात.

कागदावर हिशोब सोपा दिसतो. नाव शंभर मैलांचं असलं तरी अंतर साधारण १०४ मैल, म्हणजे १६७ किमी, आणि वेळ १२ तास. ताशी १४ किमी झालं. बीआरएमला याहून जास्त सरासरी लागते. पण हा सगळा मार्ग सॅन इसाबेल जंगलातल्या कच्च्या रस्त्यांचा आणि पायवाटांचा, एकूण चढाई ११ हजार फुटांच्या वर, आणि मुख्य म्हणजे उंची. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. डेन्व्हर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. लेडव्हिल गाव ३,१०० मीटरवर, आणि कोलंबाइन खाणीजवळून आपण मागे वळतो ती जागा ३,८०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. झाडं खालीच संपलेली, सुटे दगड, वाट अरुंद आणि समोरून उतरणारे स्वार. बहुतेक जण तिथे सायकल ढकलत चढतात. मीही ढकलणार, त्याची तयारी आहे.

माझी खरी काळजी त्यानंतरची आहे. जाताना जो पॉवरलाइनचा उतार उतरतो, तोच परतीला साधारण ८० मैल झाल्यावर चढायचा असतो. विजेच्या तारांखालून सरळ वर जाणारी वाट, पावसाने पडलेल्या खोल चऱ्या, आणि सुरुवातीचा टप्पा २० टक्क्यांहून तीव्र. दमलेली नसताना तो एकदा चढून पाहिला आहे, तेव्हाही मधे उतरावं लागलं. कोलंबाइन करून आल्यावर काय होईल याचा अंदाजच बांधता येत नाही. माझ्याकडे पॉवर मीटर (पायडलवर लावलेली ताकद मोजणारं यंत्र) नाही, फक्त हृदयगतीचा पट्टा आहे. सुरुवातीला सेंट केव्हिन्सच्या चढावर गर्दीबरोबर वाहवत न जाता किती ठोक्यांवर राहावं? डेन्व्हरमधली माझी मर्यादा तिथे तशीच धरू, की कमी करू? किती?

दुसरं, खाणं. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत हे माहीत आहे. पण मी शाकाहारी आहे आणि गोड जेल चार-पाच तासांनंतर नकोसे होतात. बीआरएमला थालीपीठ आणि पोहे चालायचे, कारण नियंत्रण बिंदूवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, निवांत दहा मिनिटं मिळायची. इतक्या उंचीवर तेल आणि कोंडा पचायला जड जातो, त्यामुळे ते बाद. सध्या साखर-मीठ घातलेलं दाट लिंबू सरबत, उकडलेले खारे बटाटे आणि बिया काढलेला खजूर यांवर सराव चालू आहे. सरबतातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, त्यामुळे शरीराला दोन्ही वाटांनी घेता येते. इथपर्यंत ठीक. पण चालत्या सायकलवर, हातमोजे घालून, एका हाताने खाता येईल असं खारं काही कुणी करतं का? भाताचे घट्ट वळलेले लाडू कुणी नेले आहेत का? ते फुटतात का?

विरळ हवेची सवय कशी करावी, यावर दोन मतं ऐकली. एक, शर्यतीच्या आदल्या दिवशीच पोहोचा. दुसरं, दोन-तीन आठवडे आधी जाऊन राहा. मला इतकी रजा मिळणार नाही. दोन तासांचं अंतर असल्याने प्रत्येक शनिवार-रविवार तिथे झोपणं शक्य आहे. अशा तुटक मुक्कामांचा कुणाला फायदा झाला आहे का? माउंटन बाइकच हवी असं नाही, तिथली शंभर मैलांची धावण्याची शर्यत केलेल्यांचा किंवा लडाखमध्ये सायकल चालवलेल्यांचा अनुभवही चालेल.

सायकल २९ इंची, फक्त पुढे सस्पेन्शन, पुढे ३२ दातांची चकती आणि मागे सर्वांत मोठी ५१. टायर ट्यूबलेस. पॉवरलाइनसाठी पुढची ३० ची करून घ्यावी का, एवढंच सांगा. बाकी सायकल बदलायचा विचार नाही.

नवरा आणि मुलगी ट्विन लेक्सला मदतीला थांबणार आहेत. तिथे मी दोनदा पोहोचेन, कोलंबाइनच्या आधी आणि नंतर. दुपारी वर विजांसह पाऊस येतो, म्हणून जॅकेट पहिल्याच फेरीत घ्यायचं ठरवलं आहे. परतीच्या फेरीला त्यांनी हातात काय तयार ठेवावं आणि मला किती वेळ थांबू द्यावं, हे ज्यांनी अशी मदत केली आहे त्यांनी जरूर लिहा. त्या दोघांनाही हा धागा वाचायला देणार आहे.