१/१७ परिमेय की अपरिमेय? कॅल्क्युलेटरवर तर अंक पुन्हा येतच नाहीत

वहीचा_समास:
नववीच्या ‘वास्तव संख्या’ प्रकरणातला नियम असा: दशांश रूप खंडित (अंक थांबणारं) किंवा अखंड आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारं) असेल तर संख्या परिमेय, अखंड अनावर्ती असेल तर अपरिमेय. हा नियम लावताना तीन ठिकाणी गाडी अडते.

१२ अंकी कॅल्क्युलेटरवर १ ÷ १७ केलं की ०.०५८८२३५२९४१ दिसतं. आवर्तन कुठेच नाही. मग अपरिमेय म्हणायची का?
पाय (π) अपरिमेय, पण उदाहरणात ‘पाय = २२/७ घ्या’. २२/७ तर सरळ परिमेय!
आणि वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय, हे कितपत खरं?

शेष_विशेष:
कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि १७ ने हाताने भागाकार करा. भागाकाराच्या अंकांकडे नाही, बाकीकडे लक्ष द्या. बाकी अशा येतात: १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, १. सोळाव्या पायरीला बाकी १ आली, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. पुढे तेच अंक त्याच क्रमाने येणार. म्हणून १/१७ = ०.०५८८२३५२९४११७६४७ आणि मग पुन्हा ०५८८… आवर्तन १६ अंकी, तुमच्या पडद्यावर दशांश चिन्हापुढे जागा ११ अंकांची. दिसणार कसं?

१७ ने भागताना शून्य सोडून १ ते १६ एवढ्याच बाकी शक्य आहेत, त्यामुळे कधी ना कधी बाकी पुन्हा येणारच. कुठलाही हर (छेद) घ्या, एक तर बाकी शून्य येते, नाहीतर हेच घडतं. म्हणून अंश-हर दोन्ही पूर्णांक आणि हर शून्य नाही, एवढं दिसलं की संख्या परिमेय. अंक मोजत बसायचं कारणच नाही.

खंडित की आवर्ती, हेसुद्धा भागाकार न करता कळतं. आधी अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या, मग हराचे मूळ अवयव पाडा. फक्त २ आणि ५ असतील तर खंडित. ७/४० मध्ये ४० = २×२×२×५, सर्वांत मोठा घात ३, म्हणून दशांश स्थळं ३: ०.१७५. संक्षिप्त रूप द्यायला विसरलात तर ६/१५ ला फसाल. हरात ३ दिसतो, पण संख्या २/५, म्हणजे ०.४.

अवांतर: पूर्ण संख्या (०, १, २…) आणि पूर्णांक संख्या (ऋण धरून) यांत पोरं हमखास घोळ घालतात. त्यात ‘२ पूर्णांक १/३’ म्हणायची सवय, म्हणजे पूर्णांक शब्द असूनही ती संख्या पूर्णांक नाही. नावं देणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

करणीवाला:
तिसऱ्या शंकेबद्दल. वर्गमूळाचं चिन्ह बघून प्रकार ठरवू नका. चिन्हाखालच्या संख्येला अतिसंक्षिप्त अपूर्णांक करा आणि अंश-हराचे मूळ अवयव मोजा. प्रत्येक अवयव सम वेळा आला तर परिमेय, एक जरी विषम वेळा आला तर अपरिमेय.

√(५०/८) बिचकवतं, पण ५०/८ = २५/४, उत्तर ५/२. उलट √०.४ ला ०.२ लिहून मोकळे होतात, ०.२ चा वर्ग ०.०४ आहे. ०.४ = २/५, दोन्ही अवयव एकेकदाच, म्हणून अपरिमेय.

कारण √१२ वर पाहा. √१२ = प/फ मानलं, प आणि फ नैसर्गिक, तर प² = १२फ². वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो, म्हणून डावीकडे ३ सम वेळा. उजवीकडे फ² मधले सम आणि १२ मधला एक, म्हणजे विषम. जमत नाही, विषय संपला.

आणखी एक खड्डा: दोन अपरिमेय संख्यांचं उत्तर अपरिमेयच येईल असं नाही. √८ ÷ √२ = २, (√५ + २)(√५ − २) = १.

परीघ_व्यास:
२२/७ = ३.१४२८५७…, पाय = ३.१४१५९२६…, तिसऱ्या दशांश स्थळालाच वाटा वेगळ्या. ३५५/११३ सहा स्थळांपर्यंत साथ देतं, पण तेही पाय नव्हे. आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला (म्हणजे ३.१४१६) आणि त्याला ‘आसन्न’ म्हटलं, जवळचा. उदाहरणात २२/७ घेतल्यावर ‘=’ ऐवजी ‘≈’ लिहिलं तर निम्मा गोंधळ जाईल.

पाय अपरिमेय आहे हे अठराव्या शतकात लॅम्बर्टने सिद्ध केलं. १८८२ मध्ये लिंडेमानने त्यापुढचं दाखवलं: पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याही बहुपदीचं पाय हे मूळ नाही. √२ मात्र क्ष² − २ चं मूळ आहे. म्हणजे अपरिमेयांतही दोन जाती, बैजिक (√२ सारख्या) आणि बीजातीत (पायसारख्या). नववीला याची गरज नाही.

कॅल्क्युलेटरबद्दल: पडद्यावर दिसणारी प्रत्येक संख्या परिमेयच, कारण अंक थांबतात. साध्या १२ अंकी यंत्रावर √२ काढून येईल त्याला त्यानेच गुणा. बहुतेकदा २ नाही, १.९९९९९९९९९९९ येतं.

वहीचा_समास:
बाकीचा मुद्दा पटला. मग ०.२३६३६३६… सारख्या संख्येचा अपूर्णांक करताना २३६/९९९ का चुकतं?

शेष_विशेष:
कारण २ आवर्तनात नाही. क्ष = ०.२३६३६…, १०क्ष = २.३६३६…, १०००क्ष = २३६.३६३६… वजा केल्यावर शेपूट कटते: ९९०क्ष = २३४, क्ष = १३/५५. २३६/९९९ म्हणजे ०.२३६२३६…

आणि ०.१०१००१०००१… ला ही युक्ती लावू नका. तिथे नमुना आहे, आवर्तन नाही. दर वेळी एक शून्य वाढतं, शेपटी कधीच जुळत नाहीत.