लोलापलूझाला फक्त इंडी बँड्ससाठी जायचंय, प्लॅनिंगला मदत हवी आहे

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हा म्युझिक फेस्टिव्हल होतोय, यावेळी पुण्याहून मी आणि बहीण नक्की येणार. मोठ्या हेडलायनर्सपेक्षा (मुख्य स्टार कलाकारांपेक्षा) आम्हाला आपले इंडी, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे गाणी करणारे बँड्स जवळून ऐकायचेत, द एफ१६एस, अ‍ॅजवीकीपसर्चिंग असले बँड पहिल्या वर्षी तिथे वाजवून गेलेत आणि असं म्युझिक हेडफोनवर कितीही ऐकलं तरी समोर ड्रम्स छातीत वाजतात ते वेगळंच हो. पण हे सेट बहुतेक दुपारीच असतात ना? मग गेटवर किती वाजता पोचावं, एका स्टेजवरून दुसऱ्यावर जायला गर्दीत किती वेळ लागतो? आणि रात्री संपल्यावर महालक्ष्मी स्टेशनवरून लोकलने दादर, तिथून पुण्याची बस, दोघी मुलींना जमेल का? की मुंबईतच राहावं? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.