बंगळुरूला येऊन वर्ष होत आलं, गाडी आणि मुलीच्या कन्नडचं काय करावं?

प्रश्न: मिस्टरांची बदली झाली म्हणून सोलापूर सोडलं, मग घर लावेपर्यंत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, सारखं येणंजाणं, सुट्टीत उद्यान एक्सप्रेसचं तिकीट मिळत नाही ते वेगळंच. मुलगी चौथीत, कन्नड सक्तीचं, मुळाक्षरं येतात पण जोडाक्षर आलं की वही मिटून रडायलाच लागते, बघवत नाही हो. गाडी अजून एमएच 13 च आहे.

उत्तर: ताई आधी गाडीचं बघा. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. सोलापूर आरटीओची एनओसी काढा, लोन असेल तर बँकेचीही लागेल, इथला रोड टॅक्स भरला की तिकडच्या उरलेल्या टॅक्सचा रिफंड मागता येतो.

उत्तर: कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लिहितात, 'अक्का' मधला दुसरा क पहिल्याच्या पायाशी बसतो, आपली मुलं तिथेच अडतात. आमच्या लेकाला बसच्या पाट्या वाचायला लावल्या, हळूहळू जमलं. तिला रागावू नका प्लीज.

प्रश्नकर्ती: पाट्यांचं आजपासूनच करते, एनओसीला मिस्टर सोमवारी जातील. सासूबाईंना इकडे आणावं का पण? त्या सोलापूर सोडायला तयारच नाहीत.