मिस अमेरिका १९२१: बाईचं स्वातंत्र्य की हॉटेलवाल्यांचा धंदा?

सावनी_के
ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि सप्टेंबर १९२१ ला न्यू जर्सीतल्या समुद्रकाठच्या अटलांटिक सिटीत ती सौंदर्यस्पर्धा झाली जिला पुढे मिस अमेरिका म्हणायला लागले. ही दोन वर्षं शेजारीशेजारी ठेवून लोक सर्रास म्हणतात की बाई मोकळी होत होती, त्याचीच ही खूण. मला हे मुळीच पटत नाही.

स्पर्धा काढली कुणी? गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी. लेबर डेची, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीची कामगार दिनाची सुट्टी संपली की समुद्रावरची गर्दी ओसरते, खोल्या रिकाम्या पडतात, मग सीझन अजून थोडा ताणायचा म्हणून हा सगळा घाट. आसपासच्या शहरातल्या पेपरांना खप वाढवायचा होता, त्यांनी मुलींचे फोटो मागवले आणि एकेक मुलगी निवडून पाठवली. वॉशिंग्टनहून आली मार्गारेट गॉर्मन, वय १६, उंची पाच फूट एक इंच, आणि तीच जिंकली. निवड झाल्याचं सांगायला पेपरवाले गेले तेव्हा ती बागेत गोट्या खेळत होती असं सांगतात. शाळकरी पोर हो!

आणि आता माझा खरा मुद्दा. त्याच सप्टेंबरात, त्याच किनाऱ्यावर लुईझ रोझीन नावाच्या लेखिकेला पोलिसांनी पकडलं. गुन्हा काय, तर मोजे गुडघ्याच्या खाली गुंडाळले होते. पोलिसाने वर करायला सांगितलं, ती म्हणाली नाही करणार, झटापट झाली, बाई थेट कोठडीत. आणि स्पर्धेतल्या मुलींसाठी मात्र उघड्या गुडघ्यांचा तोच नियम बाजूला ठेवला गेला. म्हणजे स्वतःच्या मर्जीने गुडघे उघडे ठेवले तर तुरुंग, आणि गावाचा धंदा व्हावा म्हणून ठेवले तर बक्षीस. याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं सांगा.

जर्सीकर
सावनीताई, माहिती बरोबर पण निष्कर्ष नाही पटला. मी न्यू जर्सीतच राहतो, तिथला समुद्रकाठचा लाकडी रस्ता, बोर्डवॉक, पायाखालचा आहे, आणि तिथली जुनी छायाचित्रं बघताना मला नेहमी वाटतं की हजारो लोकांसमोर एकदा नियम सैल केल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखा आवळता येतच नाही, मग सैल करणाऱ्याचा हेतू गल्ला भरायचा का असेना. स्पर्धेच्या वेळी जी मिरवणूक निघाली तिच्यात फक्त मुली नव्हत्या, पोलीस आणि अग्निशमन दलाची माणसंसुद्धा पोहण्याच्या कपड्यात होती. समुद्रदेव नेपच्यूनचं सोंग घेतलं होतं हडसन मॅक्सिमने, स्फोटकांवर काम करणारा संशोधक, एक हात प्रयोगात गमावलेला म्हातारा. अख्खं गाव समुद्राच्या कपड्यात रस्त्यावर, हे काही लहानसहान नाही.

आणि मुलींना तुम्ही फारच बिचाऱ्या ठरवताय. १९२६ ची विजेती नॉर्मा स्मॉलवूड बघा, ओक्लाहोमाची. पुढच्या वर्षी नव्या विजेतीला मुकुट घालायला तिने ६०० डॉलर मागितले, आयोजकांनी दिले नाहीत तर सरळ निघून गेली. तिला आपली किंमत कळत होती!

सावनी_के
@जर्सीकर नॉर्माबद्दल मलाही आदरच आहे. पण तिने पैसे मागितले ते कुणाकडे? ज्यांच्या हातात सगळी सूत्रं होती त्यांच्याकडेच ना, आणि ते नाही म्हणाले. त्या काळात गुण कसे द्यायचे ते ऐका. शंभरपैकी डोक्याच्या ठेवणीला १५, डोळ्यांना १०, चेहऱ्यावरच्या भावाला १०, धडाला १०, पायांना १०, हातांना आणि पंजांना वेगवेगळे दहा-दहा, डौलाला १०, केस, नाक, तोंड यांना पाच-पाच. बैलबाजारात दात आणि खूर तपासतात तसंच झालं हे. त्यात एक गुणही ती काय बोलते, काय विचार करते याला नाही. आणि मत द्यायचा हक्क तर नुकताच मिळालेला!

मुग्धा_वाचते
दोघांनाही एक विचारते, "बाई" म्हणताय ती कुठली बाई? पुढे या स्पर्धेच्या नियमातच लिहिलं होतं की उमेदवार गोऱ्या वंशाची हवी. कृष्णवर्णीय मुलगी या मंचावर पहिल्यांदा उभी राहिली १९७० ला, आयोवाची शेरिल ब्राउन. व्हनेसा विल्यम्स जिंकली १९८३ च्या सप्टेंबरात. आणि २०१३ ला नीना दवुलुरी जिंकली, आपल्यासारख्याच भारतीय घरातली मुलगी, तर त्याच रात्री ट्विटरवर तिला अरब काय, अतिरेकी काय, वाट्टेल ते म्हटलं गेलं. १९२१ मध्ये "अमेरिकेची मुलगी" म्हणून एक चेहरा ठरवला गेला त्याचे हे परिणाम आहेत, गुडघ्यांपेक्षा मला हा मुद्दा मोठा वाटतो.

पेठेतला_वाचक
मुग्धा यांच्याशी सहमत आणि त्यात भर. तेव्हा शहरातल्या तरुण मुली केस कापत होत्या, सिगारेट ओढत होत्या, आणि निवडली कोण, तर लांब कुरळ्या केसांची, मूकपटांतली नटी मेरी पिकफर्ड हिच्यासारखी दिसणारी निरागस पोर. कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्सने तिचं कौतुक केलं तेही घर सांभाळणारी, आई होणारी बाई देशाला हवी या थाटात. मताधिकारवाल्या बायकांना दिलेलं उत्तरच म्हणा ना ते.

जर्सीकर
वंशाच्या मुद्द्यावर वादच नाही, तो नियम लाजिरवाणा होता. पण गॉर्मन १९२२ ला पुन्हा आली होती ना? वॉशिंग्टनचा किताब तोवर दुसऱ्या मुलीकडे गेलेला, मग हिला काय म्हणायचं म्हणून मिस अमेरिका. जबरदस्ती असती तर आली असती का?

सावनी_के
आली, खरंय. पण पुढे मोठेपणी तीच म्हणाली की ही कल्पना मुळात तिची नव्हतीच आणि तिला त्याचं फारसं काही वाटलंही नाही. १७ वर्षांची मुलगी, सगळं शहर डोक्यावर घेतंय, ती नाही कशी म्हणेल? तिला दोष देतच नाहीये मी.

जर्सीकर
बरं मग हे सांगा. १९२८ ला ही स्पर्धा बंद पडली. महिला मंडळं आधीपासून विरोधात होतीच, आणि हॉटेलवाल्यांनाही वाटायला लागलं की यामुळे गावाचं नाव खराब होतं. तुमच्या मते नुसता धंदाच होता तर धंदेवाल्यांनाच ती नकोशी का झाली? मुली त्यांच्या हाताबाहेर जायला लागल्या म्हणूनच ना!

सावनी_के
नाही, वरच्या थरातलं गिऱ्हाईक बिथरलं म्हणून. हिशोब बदलला तशी बंद केली, आणि १९३३ ला मंदीत गावाला पुन्हा माणसं हवी झाली तेव्हा परत उभी केली. जिंकली कनेक्टिकटची मॅरियन बर्जरॉन, वय १५. बारा वर्षांत काय बदललं, तर विजेतीचं वय एका वर्षाने कमी झालं.