तीन हजाराचा वायफाय कॅमेरा आणि गेटवरचा चोर: काल जे लिहिलं गेलं त्याला उत्तर

वायरिंगवाला_नंदनवन
काल 'बेसाकर' यांनी इथे लिहिलं की घराबाहेरच्या कॅमेऱ्यासाठी वायर ओढायला लावणारे सगळे लुटारू आहेत. तीन हजाराचा वायफाय कॅमेरा ऑनलाइन मागवा, दोन स्क्रू मारा, झालं काम. खाली 'एकदम बरोबर भाऊ'वाल्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितो. मी हेच काम करतो, त्यामुळे 'दुकानदारी' म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच म्हणून घ्या.

गिऱ्हाईक आलं की मेगापिक्सेल विचारतं, लेन्स कोणीच विचारत नाही. त्या तीन हजारवाल्यात बहुतेक २.८ एमएमच्या आसपासची लेन्स असते. अख्खं अंगण दिसतं, मालक खूश. पण अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर मीटरमागे २५० पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, धरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे दृश्य पावणेआठ मीटरपेक्षा रुंद झालं की ओळख संपली. २.८ ची लेन्स २० फुटांवरच्या गेटपाशी साधारण पंधरा मीटरचा पट्टा घेते. कोणीतरी आलं एवढं दिसेल, कोण आलं ते नाही. तिथेच ६ एमएम लावली तर पट्टा साडेपाच मीटरच्या आसपास येतो. गेटला एक ६ चा, अंगणाला एक २.८ चा. साध्या घराला एवढं पुरे.

उंची आठ ते दहा फूट. गच्चीच्या कठड्याला लावणाऱ्यांना चोराची टोपी दिसते.

आणि 'वायरलेस' म्हणजे काय हो? त्याला वीज काय हवेतून मिळते? त्या तीन हजारवाल्याला अडॅप्टरची वायर तर ओढावीच लागते. मग तिच्याऐवजी नेटवर्कची एकच केबल ओढा, वीज आणि चित्र दोन्ही तिच्यातूनच जातं, १०० मीटरपर्यंत. वायफायचं रेकॉर्डिंग राहतं कुठे? बहुतेक वेळा कॅमेऱ्यातल्याच कार्डात. २ एमबीपीएसने चोवीस तास चालवलं तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी. ६४ चं कार्ड तीन दिवसही पुरत नाही. आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्याच पिशवीत.

बेसाकर
आले, आले. गणित मांडलं की बिल मोठं होतं, हे तुमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

मी भाड्याने राहतो. घरमालक भिंतीला ड्रिल लावू देत नाही. मी काय केबल डोक्यावरून नेऊ? आणि वायरवाल्यांचं कौतुक मला सांगू नका. आधीच्या घरी एकाने बावीस हजार घेतले, गच्चीवरचे जोड काळ्या टेपने गुंडाळले आणि गेला. पहिल्याच पावसात चारपैकी तीन पडदे निळे. फोन केला तर म्हणे 'येऊन राहिलो साहेब'. अजून येऊनच राहिला आहे.

वायरिंगवाला_नंदनवन
त्याने जंक्शन बॉक्सचे पैसे वाचवले आणि केबल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची टाकली. आतली तार चाकूने खरवडून पाहा, पांढरी निघाली तर समजा. असे लोक आहेत, नाही म्हणत नाही. म्हणून वायरच नको, हे कुठलं लॉजिक?

डागा_लेआउट_जुना
दोघंही कॅमेऱ्यावर भांडून राहिले, डीव्हीआरचं, म्हणजे सगळं रेकॉर्डिंग ज्यात साठतं त्या डबड्याचं, कोणी बोलत नाही जी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या घरात घुसलं. कॅमेरे आयपी ६७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारे. ते छज्ज्याखाली कोरडे. डीव्हीआर कुठे? हॉलमध्ये, टीव्हीच्या खालच्या खणात. सोफ्यासोबत तोही गेला. विमावाला म्हणे, पाणी किती चढलं त्याचं फुटेज दाखवा. घ्या आता! बाकी काहीही करा, ते डबडं वरच्या मजल्यावर ठेवा.

मे_महिना_मानकापूर
आणि पश्चिमेच्या भिंतीला लावू नका रे बाबा. आपला पारा ४५ म्हणजे सावलीतल्या हवेचा. उन्हातल्या भिंतीवर त्या डब्याच्या आत काय होत असेल? बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कागदावर ५० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. ६० वाला घ्या.

प्रतापनगरची_सून
तुम्ही सगळे चोर चोर करताय. आमच्याकडे चोर रोज येतो, पहाटे साडेपाचला, स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घालून. जास्वंद, तगर, कण्हेर, सगळं साफ. माझ्या सासूबाईंना पूजेला एक फूल उरत नाही. आम्ही कॅमेरा त्यासाठीच बसवलाय. परवा क्लिप कॉलनीच्या ग्रुपवर टाकली, तर फुलं तोडणाऱ्या काकूंपेक्षा बाकीचेच लोक चिडले.

निवृत्त_गुरुजी_त्रिमूर्तीनगर
चिडणारच. चार फुलांसाठी एका वयस्क बाईची चित्रफीत चारशे लोकांत फिरवायची? ती फुलं देवालाच वाहिली जातात ना? आमच्या काळी फुलं तोडायला कोणी कोणाला विचारत नसे.

प्रतापनगरची_सून
गुरुजी, पाणी मी घालते. उन्हाळ्यात नळाला धार नसते तेव्हा बादलीने घालते. आणि पुण्य त्यांना?

बर्डीचा_पोट्टा
गुरुजी, तुमच्या आंब्याला पोट्टे दगड मारते तवा तुम्ही काठी घेऊन धावता, मी सोता पायलं. तवा 'आमच्या काळी' कुठी जाते?

निवृत्त_गुरुजी_त्रिमूर्तीनगर
आंबा आणि फूल यांत फरक आहे. आणि तुम्ही कोण, हे मला बरोबर कळलं आहे.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
फुलांवरून मारामारी करण्याआधी एक ऐका. फॉरवर्ड केलेली क्लिप कोर्टात तशीच चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या कायद्यात ६५ ब होतं. मूळ रेकॉर्डिंग जपा. दुसरं, कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करता येतो. पण ते मेनू उघडतो कोण? बसवणारा पासवर्डसुद्धा बदलत नाही.

बर्डीचा_पोट्टा
वकीलसाहेब, जास्वंदासाठी हायकोर्टात जाऊन राहिलं का कोणी? काऊन घाबरवता बाईले!

शेजारीण_पण_नाव_नको
बोलू देत त्यांना. आमच्या समोरच्यांनी 'सुरक्षेसाठी' लावलेला कॅमेरा थेट आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यावर आहे. सांगायला गेलो तर म्हणाले, 'आम्ही बघत नाही हो.' मग लावला कशाला? वाळत घातलेले कपडेसुद्धा मी आता मागच्या बाजूला नेले. ज्यांना हे सोसावं लागत नाही त्यांनाच विनोद सुचतात.

बर्डीचा_पोट्टा
हे मात्र चूकच आहे ताई. तिकडे पोलिसात लिहूनच द्या.

निवृत्त_गुरुजी_त्रिमूर्तीनगर
बरं, मूळ प्रश्न असा की त्या क्लिपमधल्या काकू नेमक्या कोण? माझ्या पत्नीकडे लोक संशयाने पाहू लागले आहेत.

प्रतापनगरची_सून
चेहरा नीट येत नाही. पण हातातली हिरवी पिशवी मी ओळखते.

बर्डीचा_पोट्टा
ते पिशवी? थे त नगरसेवकानं मागच्या गणपतीत अख्ख्या कॉलनीत वाटली! माह्या घरी दोन आहे.

वायरिंगवाला_नंदनवन
चेहरा येत नाही ना? कॅमेरा २.८ चा असेल आणि गच्चीवर असेल. पैज.

प्रतापनगरची_सून
…गच्चीवरच आहे. लेन्सचं डब्यावर बघून सांगते.

हो. २.८.

बेसाकर
लेन्सचं तेवढं यांचं बरोबर दिसतंय, घ्या, खूश व्हा. मी आज बर्डीत विचारलं, दुकानदार म्हणाला ६ चा मागवावा लागेल, कोणी मागतच नाही. पण भाडेकरूंनी वायर ओढावी हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

वायरिंगवाला_नंदनवन
भाडेकरूंनी वायफाय लावावा, माझी हरकत नाही. फक्त घेताना एसटीक्यूसीची, म्हणजे सरकारी तपासणी संस्थेची, चाचणी पास आहे का ते बघा, ९ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची आहे. आणि राउटर अन् कॅमेऱ्याच्या मध्ये नऊ इंची भिंत आली तर रात्री मला फोन करू नका.

बेसाकर
तुम्हाला फोन करून तुम्ही उचलाल याची काय खात्री?

वायरिंगवाला_नंदनवन
ताई, कॅमेरा खाली घ्या, गेटच्या खांबाजवळ. झाड कंपाउंडच्या आत आहे ना?

प्रतापनगरची_सून
खोड आत आहे. फांद्या रस्त्यावर आल्यात.

निवृत्त_गुरुजी_त्रिमूर्तीनगर
हे आधी का नाही सांगितलं? रस्त्यावर आलेल्या फांदीची फुलं म्हणजे चोरी कशी?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
झाड ज्याचं फुलं त्याची, गुरुजी.

निवृत्त_गुरुजी_त्रिमूर्तीनगर
कोणत्या कलमाखाली?