हिमवादळाचा अंदाज कसा वाचावा : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

काका (डॅलस): सर्वांना नमस्कार. सकाळपासून एकच नकाशा माझ्याकडे तीनदा आला असून, त्यात रविवारपर्यंत न्यू जर्सीत २२ इंच आणि नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात १४ इंच स्नो दाखवला आहे. तू तिथे नियमाने स्नो मोजतेस, तेव्हा यावर कितपत विश्वास ठेवावा ते सांग.

ताई (न्यू जर्सी): काका, तो नकाशा एका मॉडेलच्या (हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या) एकाच रनचा, म्हणजे एकाच वेळच्या गणिताचा आहे आणि वादळ अजून पॅसिफिकवर आहे. जमिनीवर दिवसातून दोनदा फुगे सोडून वरच्या हवेचे तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. समुद्रावर ती सोय नसल्यामुळे बहुतांश मदार उपग्रहांवर आणि विमानांच्या नोंदींवर राहते. शिवाय अशा नकाशांत एक इंच पाण्याला सरसकट दहा इंच स्नो असा हिशेब धरलेला असतो आणि अनेकदा स्लीटही (गोठलेल्या थेंबांचे बर्फाचे बारीक खडे) त्यातच मिसळलेले असते. प्रत्यक्षात कडक थंडीत एक इंच पाण्याचा २० इंच भुसभुशीत स्नो होऊ शकतो, तर गोठणबिंदूच्या आसपास जड, ओला असा पाचच इंच. कृपया तो नकाशा पुढे पाठवू नये.

दादा (रॅली): मग आम्ही नेमके काय पाहावे?

ताई: मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे नॅशनल वेदर सर्व्हिसचे (अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचे) वेदर प्रेडिक्शन सेंटर आहे. देशभरातील हिवाळी वादळांचा एकत्रित विचार तिथे होतो आणि पुढच्या तीन दिवसांत कुठे ४, ८ किंवा १२ इंचांहून अधिक स्नो पडण्याची, तसेच कुठे पाव इंचाहून जाड बर्फ (पाणी गोठून बसलेला कडक थर) चढण्याची शक्यता किती टक्के आहे, याचे नकाशे निघतात. सोबतची लेखी चर्चाही वाच, कारण मॉडेल्स कुठे एकमेकांशी जुळत नाहीत आणि अंदाजकर्त्यांनी कोणाच्या बाजूने का कौल दिला, हे तिथे मोकळेपणाने लिहिलेले असते. माझ्या मते नकाशापेक्षा तो मजकूर अधिक मोलाचा आहे.

दादा, तुमच्याकडे मला स्नोची नव्हे, फ्रीझिंग रेनची (पडताच गोठणाऱ्या पावसाची) काळजी वाटते. न्यू इंग्लंडच्या बाजूला उच्च दाब ठाण मांडून बसला, की तिकडची थंड, कोरडी हवा ॲपलाचियन डोंगरांच्या पूर्वेकडून दक्षिणेला सरकते, आणि डोंगर आडवे असल्यामुळे ती तिथेच साचून राहते. तिच्यावरून दक्षिणेची उबदार, दमट हवा चढते. वरून निघालेला स्नो त्या उबदार थरात वितळतो. खालचा थंड थर पुरेसा जाड असेल, तर थेंब वाटेतच पुन्हा गोठून स्लीट होतात, आणि तो उथळ असेल, तर शून्याखालच्या तापमानातही पाणीच राहून फांदीला, तारेला, रस्त्याला स्पर्श होताच गोठतात. वरच्या थरात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी १४ इंच स्नोच्या जागी दोन इंच स्लीट आणि वर बर्फाचा थर, असे होऊ शकते. त्यातच मॉडेल्स हा उथळ थंड थर बऱ्याचदा लवकर हटवून टाकतात, त्यामुळे 'दुपारनंतर नुसता पाऊस' असे ॲपने सांगितले, तरी त्यावर विसंबू नका.

वहिनी (रॅली): ताई, आमच्या अंगणातला थर्मामीटर आत्ता ३६ अंश फॅरनहाइट दाखवतो आहे. असेच राहिले, तर पाणी गोठणार नाही ना?

ताई: वहिनी, त्यासोबत दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश; तो जितका खाली, तितकी हवा कोरडी) पाहावा लागतो. हवा ३६ अंशांवर आणि दवबिंदू १५ वर असेल, तर सुरुवातीचा पाऊस त्या कोरड्या हवेत बाष्प होऊन तिला थंड करतो आणि पारा ३२ च्या खाली उतरतो. उलट बाजूही आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते, म्हणून नवी थंड हवा येत राहिली नाही, तर फ्रीझिंग रेन आपोआप थांबते. तुमच्याकडे ईशान्येचा वारा ती हवा पुरवत राहील, असे दिसते.

मी (बॉस्टन): पण ताई, जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन-तीन फुटांचा इशारा होता, सबवेही बंद ठेवली होती आणि सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच पडला. लोकांचा विश्वास तेव्हापासून उडाला आहे.

ताई: त्याच वादळात तुमच्या बॉस्टनला दोन फुटांहून अधिक स्नो पडला. वादळ आले होतेच. त्याची पश्चिमेकडची कड थोडी पूर्वेला राहिली, आणि त्या कडेवर थोड्याच मैलांत स्नोचे प्रमाण झपाट्याने घटते. तेव्हा ठळकपणे पुढे आला तो एकच आकडा, शक्यतांचा पट्टा मागे पडला. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात आलेल्या मोठ्या हिमवादळाची कल्पना मात्र सुमारे पाच दिवस आधी आली होती. मोठे वादळ येणार हे लवकर कळते. कोणत्या गावात किती, हे शेवटपर्यंत हलत राहते.

काका: फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीची सूचना आम्हाला वेळेवर मिळाली होती, तरी टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली. म्हणून मी इंचांपेक्षा विजेचा विचार आधी करतो.

दादा: माझाही प्रश्न तोच आहे. आईच्या ऑक्सिजन यंत्राला सतत वीज लागते. आज रॅलीसाठी पाव इंच बर्फाची शक्यता ४० टक्के दाखवली आहे. वॉचचे (वादळ येऊ शकते अशा पूर्वसूचनेचे) वॉर्निंग (पक्का इशारा) होईपर्यंत थांबावे का?

ताई: थांबू नकोस. वॉर्निंग म्हणजे वादळ जवळजवळ निश्चित झाले. तोवर पुरवठादाराकडे रांग लागलेली असेल. घराबाहेर जाणे टाळता येणाऱ्या माणसाने ४० टक्क्यांवर वाट पाहिली तर चालेल, पण आईसाठी २० टक्केही पुरेसे कारण आहे.

दादा: आत्ताच फोन करून जास्तीचे सिलिंडर मागवतो आणि वीज कंपनीकडे आईची वैद्यकीय गरज नोंदवली आहे की नाही, तेही तपासतो.

ताई: छान. वहिनी, बर्फ साचलाच तर घराजवळच्या, तारांपासून दूर असलेल्या एखाद्या डहाळीवर सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ बाजूचा थर पट्टीने मोजा आणि दोन्हींची सरासरी वेळेसह तुमच्या स्थानिक हवामान कार्यालयाला कळवा. फांदीवर किती बर्फ चढला, हे त्यांना अजूनही बहुतेक वेळा माणसांकडूनच समजते.