देवराईत रोपं लावावीत का?

सड्यावरचा: पावसाळा आला की मंडळं नि कंपन्या काशीद-गुलमोहराची रोपं घेऊन देवराईत घुसतात. माझा विरोध आहे, अगदी देशी रोपांनासुद्धा. खड्डा खणताना पाचोळ्याखालची आपसूक उगवलेली रोपटीच उपटली जातात, वर पिशवीच्या मातीतून नवं तण येतं. गुरं, कोयता आणि झाडू एवढे तीन बाहेर ठेवा, राई आपोआप भरते.

गारंबी: आपोआप? जांभूळ येईल, रानजायफळ नाही येणार. तेवढी मोठी बी गिळून लांब नेऊन टाकणारा मुख्य पक्षी धनेश. काजूबागांनी वेढलेल्या दोन एकरांच्या राईत तो फिरकत नाही. तिथलं म्हातारं झाड कोसळलं की ती जातच संपली.

सड्यावरचा: रानजायफळाचंच घ्या. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातली बांबर्ड्याची राई जेमतेम २.५९ हेक्टर, आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथे ही झाडं पाण्यावर टिकली आहेत. हवा घ्यायला मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. वरचा झरा नळात अडवला किंवा देवळासाठी भराव टाकला, की रोपं लावून काय उपयोग?

रोपवाटी: पाण्याचं मान्य. पण लावणारे चुकतात ते बियांपासूनच. रानजायफळाचं बी सुकलं की मेलं. लाल जायपत्री काढून धुवायचं, ओल्या भुशात ठेवायचं आणि आठवड्याच्या आत सावलीत पेरायचं. गारंबीच्या वेलाच्या बीचं उलट: कवच इतकं टणक की कडेला कानस मारून रात्रभर भिजत घालावं लागतं. बी त्याच खोऱ्यातलं आणि दहाबारा वेगवेगळ्या झाडांखालचं हवं. एकाच झाडाचं आणलं तर सगळी भावंडंच. उंच पिशवी वापरा, नाहीतर सोटमूळ तळाशी गुंडाळतं.

सड्यावरचा: ठीक, पण लावायचं ते काठावर, गाभ्यात नाही.

गारंबी: काठावर ऊन. रानजायफळ तिथे करपेल. गाभ्यात झाड पडून जागा झाली असेल तिथेच, दोनतीन रोपं. आडवं खोड मात्र उचलू नका.

रोपवाटी: काठावर आधी रानमोडी, म्हणजे ते बाहेरून आलेलं झुडपी तण, काढा. सप्टेंबरात माती मऊ असते, फुलोराही आलेला नसतो, मुळासकट निघते. सगळी एकदम काढू नका, उघड्या जमिनीवर दुप्पट येते. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या पट्ट्यात लगेच कुंभा, करंज लावा.

सड्यावरचा: करंज? म्हणजे पुन्हा रोपवाटिकेचीच यादी!